कन्येच्या प्रवेशाचा निर्णय मीच घेतला

२ जून, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. मोठा निर्णय तोंडावर आलाय, आणि निर्णय घेणाऱ्या माणसाकडे नोंदी पाहिजेत. कन्येचा बारावीचा निकाल लागला. अपेक्षेपेक्षा बराच चांगला. (अपेक्षा माझी होती. तिची बरोबर निघाली.) आता प्रश्न एवढाच की सरकारी विद्यापीठ की खासगी. तिला संख्याशास्त्र शिकायचंय. ते काय असतं मी विचारलं, तिने सांगितलं, समजलं असं मी सांगितलं.
संकल्प: पूर्ण तटस्थ राहायचं. रोज पहाटे एक तास या विषयाचा अभ्यास. सौ.शी वाद घालायचा नाही.

६.४०
सौ.शी वाद झाला. म्हणाली, शिकणार कोण आहे? म्हटलं, शिकणार ती, पण ठरवणार कोण? तर म्हणाली, शिकणार तीच. याला उत्तर म्हणत नाहीत.

३ जून
पहाटेचा अभ्यास झाला नाही. गजर वाजला होता, पण अंथरुणातही विचार करता येतो.
लॅबमध्ये भिंतीवर मोठा तक्ता लावला. माझी लॅब म्हणजे दातांच्या कवळ्या बनवायची. डेंटिस्ट लोक पेशंटच्या जबड्याचा ठसा पाठवतात, मी दात परत पाठवतो. तीस वर्षं अर्ध्या गावाचं हसू माझ्या हातून गेलंय, पण हे कुणी बोलून दाखवत नाही. असो. तक्त्यात बारा निकष: शिक्षक, फी, अंतर, ग्रंथालय, इमारत, नोकऱ्या वगैरे. प्रत्येकाला महत्त्वाप्रमाणे मार्क. यात भावनेला जागाच नाही.

४ जून
तक्त्यावर प्लास्टर उडालं. ग्रंथालयाचा रकाना दिसत नाही. अंदाजाने भरला.

५ जून
बेरीज. सरकारी ७१, खासगी ५८. म्हणजे प्रश्न मिटला. तटस्थ पद्धतीचा हाच फायदा. घरी जाहीर केलं. कन्या म्हणाली, बरं झालं, उद्या फॉर्म भरायला जाऊया. माझ्या पद्धतीचं कौतुक अपेक्षित होतं. लाजली असेल.

६ जून, संध्याकाळ
सरकारी विद्यापीठात जाऊन आलो. काही गोष्टी नोंदवणं भाग आहे.
एक: रांग. दोन: पंखा फिरतो, वारा येत नाही. तीन: खिडकी क्रमांक चारमधला कारकून.
फॉर्म मी स्वतः भरला होता. ‘पालकांचे शिक्षण’ या रकान्यात मी ‘तांत्रिक’ असं लिहिलं. यात खोटं काही नाही. बारावीच्या मध्यावर मी मामाच्या लॅबमध्ये जाऊ लागलो ते आजतागायत, आणि तिथलं सगळं तांत्रिकच आहे. कारकुनाने चष्म्यावरून बघून विचारलं, तांत्रिक म्हणजे कुठली पदवी? म्हटलं, अनुभवाची. तर तो अकरा माणसांसमोर म्हणाला, बारावी पूर्ण नसेल तर तसं लिहा की, लाजता कशाला, प्रवेश तुम्हाला थोडाच द्यायचाय. मागे कुणीतरी हसलं. मी त्याला चांगलं सुनावलं. म्हटलं, बरं.
कन्या दरम्यान कुठेतरी गेली होती. तासाभराने आली. बाहीला खडू. म्हणाली, संख्याशास्त्राच्या एका बाईंनी उन्हाळी वर्गात मागच्या बाकावर बसू दिलं. चेहरा लाल. ऊन लागलं असणार. या लोकांनी झाडंसुद्धा धड लावलेली नाहीत.
सौ.ला झाला प्रकार सांगितला. सौ. पोस्टात काउंटरवर असते. म्हणाली, रकान्यात खरं लिहायला काय जातं? एकदा खिडकीच्या आत बसून बघा, दिवसाला शंभर ‘तांत्रिक’ येतात. नोंद: खिडकीमागची माणसं एकमेकांना सांभाळतात.

७ जून
तक्त्यात ‘कर्मचाऱ्यांची वागणूक’ हा निकष राहून गेला होता. घातला.

९ जून
खासगी विद्यापीठ पाहिलं. फक्त तुलनेसाठी.
दार काचेचं, आपोआप उघडतं. आत गारवा. एक समुपदेशक मॅडम स्वतः घ्यायला आल्या. चाळीस मिनिटांत मला नऊ वेळा सर म्हणाल्या. मशीनची कॉफी दिली. जड पेन दिलं. काय करता विचारलं, सांगितलं. तर म्हणाल्या, म्हणजे आपण उद्योजक आहात. तीस वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.
कन्येने विचारलं, कायमस्वरूपी शिक्षक किती आहेत? मॅडम म्हणाल्या, फार छान प्रश्न आहे, आणि पोहण्याचा तलाव दाखवायला नेलं. संख्याशास्त्र कुठे आहे विचारलं, तर ते ‘डेटा अँड फ्यूचर्स’ या कोर्सच्या पोटात आहे म्हणे, तिसऱ्या वर्षाला, ऐच्छिक. म्हणजे दोन वर्षं तयारीला मिळतात. उत्तम सोय.
निघताना मॅडम हळू आवाजात म्हणाल्या की पालक सल्लागार मंडळ स्थापन होतंय, आपल्यासारखी माणसं हवी आहेत. मी विचार करून सांगतो म्हटलं. लिफ्टपाशी पोचेपर्यंत विचार झाला. परत जाऊन हो सांगितलं.

१० जून
तक्ता पुन्हा तपासला. इमारतीला फारच कमी महत्त्व दिलं होतं. माणूस शेवटी इमारतीतच शिकतो. दुरुस्त केलं. सरकारी ७१, खासगी ६९. मग ‘एकूण वातावरण’ हा चौदावा निकष घातला. खासगी ८४.
कन्येला लॅबमध्ये बोलावून दाखवलं. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, बाबा, हे महत्त्वाचे मार्क उत्तर बघायच्या आधी ठरवले की नंतर? म्हटलं, दरम्यान. ती म्हणाली, आमच्या विषयात याला एक नाव आहे. कोणतं ते सांगेना. मोठ्यांची स्तुती तोंडावर करायची नाही असं तिच्या आईचं वळण आहे.

१३ जून
तज्ज्ञांचं मत मिळालं. सरकारी विद्यापीठातले गणिताचे रिटायर्ड मास्तर नव्या कवळीच्या मापासाठी आले होते. जुनी मी दुरुस्तीला काढून घेतलेली, त्यामुळे तोंडात एकही दात नाही. विषय काढला. मास्तर तळमळीने पंधरा मिनिटं बोलले. शब्द नीट लागत नव्हते, पण ‘खाफगीत घाला’ हे स्वच्छ ऐकू आलं, पुढे थोडी फुसफुस. उभं आयुष्य सरकारीत काढलेला माणूस असं म्हणतो, यापेक्षा मोठा पुरावा कोणता?
सौ.ला सांगितलं. म्हणाली, दात बसवल्यावर परत विचारा. तिला पुरावा पचत नाही.

१६ जून
खासगीत अर्ज दिला. सरकारीतला अर्जही राहू दिलाय, कन्येचं मन राखायला. मॅडमनी मूळ गुणपत्रिका पडताळणीसाठी मागितली. फाइलमधून काढून दिली. तपासनीसाने उलटसुलट बघून त्यांच्या प्रतीवर शिक्का मारला, ‘मूळ प्रत तपासली’. गुणपत्रिका त्यांच्याकडेच ठेवून घेतली, सुरक्षित राहावी म्हणून. मला पावती नको होती. विश्वास नावाची काही चीज असते.
हे घरी लगेच सांगत नाही. योग्य वेळ बघून.

१८ जून
परवा सल्लागार मंडळाची पहिली बैठक. भाषण तयार केलं: ‘उद्याचे शिक्षण आणि पालकांची दृष्टी’. बारा मिनिटांचं. लॅबमध्ये टेबलावर प्लास्टरचे चार जबडे मांडून त्यांच्यासमोर सराव केला. प्रतिसाद चांगला वाटला. जबडे उघडेच होते.
एक कवळी मागे पडलीय. उद्या बघू.

२० जून
बैठक झाली. सल्लागार एकूण त्रेचाळीस. आलेला प्रत्येक पालक सल्लागार होता. शेजारी बसलेले गृहस्थ लाँड्री चालवतात. मॅडमनी त्यांनाही उद्योजक म्हटलेलं. मला दोन मिनिटं मिळाली. पहिल्या मिनिटाला माईक बंद होता. दुसऱ्या मिनिटाला मी तो चालू आहे का विचारत होतो. तरी मुद्दा पोचला. सामूहिक फोटोत माझा कान आलाय.

२२ जून
मास्तरांना कवळी बसवली. फिट बसली, एकाही दाताला कानस लावावी लागली नाही. मास्तरांनी आरशात बघितलं, दोनदा ओठ मिटले, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, त्या दिवशी सांगितलं ते लक्षात आहे ना? पोरीला खासगीत घालू नका. म्हटलं, तुम्ही तर घाला म्हणालात. म्हणाले, ‘नका’ म्हणायला वर टाळूला आधार लागतो हो, तो तुमच्याकडे दुरुस्तीला होता.
नोंद: म्हाताऱ्या माणसांची मतं दातांबरोबर बदलतात.

२३ जून
सकाळी सरकारी विद्यापीठाची यादी लागली. कन्या सहावी. सहाशेमध्ये सहावी. सौ. ओट्याला टेकून रडली. मी म्हटलं, घाई नको. २७ तारखेपर्यंत, चारच्या आत, मूळ गुणपत्रिका नेऊन जागा पक्की करायची, नाहीतर पुढच्या नंबराला जाते.
कन्या समोर येऊन बसली. सहसा ती असं बसत नाही. म्हणाली, बाबा, मला तिकडेच जायचंय. म्हटलं, विचार करतो. तर म्हणाली, ६ तारखेपासून रोज सकाळी ती त्या बाईंच्या वर्गात जाऊन बसतेय. मैत्रिणीकडे जाते सांगायची ते हेच. म्हणाली, पहिले चार दिवस एक अक्षर कळलं नाही, पाचव्या दिवशी एक गणित सुटलं, बाईंनी फळ्यावर बोलावलं. मग हात चोळत बसली. म्हणाली, मला असं कधीच वाटलं नव्हतं. कसं ते सांगितलं नाही.
लॅबमध्ये गेलो. पुढचे दोन दात मेणात बसवायला घेतले. तीनदा वाकडे बसले. मामाने पहिल्यांदा माझ्या हातात मेण दिलं होतं तेव्हा गणितासारखाच सुटला होता एक दात. मीही कुणाला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी ६
निर्णय जाहीर केला: सरकारी. हा माझ्या मतातला बदल नव्हे, फेरविचार आहे. कन्येने चक्क मिठी मारली. सौ.ने चहा दोनदा केला.

६.२५
गुणपत्रिका खासगीत आहे.

६.३०
कुणाला सांगत नाही. उगाच आनंदावर विरजण. उद्या जाऊन घेऊन येतो, दहा मिनिटांचं काम.

२४ जून
घरी कामाला जातो म्हणून निघालो. काचेचं दार उघडलं. मॅडम मीटिंगमध्ये. दीड तास. मग आल्या, घाईत होत्या. सर दोन वेळा म्हणाल्या, दोन्ही वेळा दुसऱ्या कुणाला तरी. गुणपत्रिका परत मिळते, पण उद्या या म्हणाल्या.

२५ जून
मॅडम रजेवर. दुसऱ्या टेबलावरचा तरुण म्हणाला, अहो, अर्ज मागे घेण्याचा फॉर्म भरा, सात सह्या आणा, पंधरा कामाचे दिवस लागतील. म्हटलं, मी सल्लागार मंडळाचा सदस्य आहे. त्याने विचारलं, कुठलं मंडळ?
दिवसभरात तीन सह्या मिळाल्या. चौथा माणूस ज्या मजल्यावर बसतो तिथे लिफ्ट थांबत नाही.
दुपारी जेवण गेलं नाही. संध्याकाळी कन्या वही घेऊन टेबलाशी गुणगुणत बसली होती. तिच्याकडे बघवेना. अॅसिडिटी असावी.

२६ जून, दुपार
आज सविस्तर लिहिलंच पाहिजे.
आठ वाजता काचेच्या दारापाशी उभा. लाँड्रीवाले गृहस्थही तिथेच. तेही मुलाची कागदपत्रं मागायला आलेले, आठवडाभर येताहेत. दोन उद्योजक बाकावर बसलो. कॉफीचं मशीन आता विद्यार्थ्याचं कार्ड मागतं.
साडेअकराला संस्थेचे संचालक समोरून गेले, फोनवर कुणाला तरी ओरडत. प्रत्येक ‘च’ला टक्, प्रत्येक ‘ट’ला टक्. वरची कवळी सैल. उजव्या बाजूला. तीस वर्षांत हा आवाज मी भिंतीपलीकडूनही ओळखतो. मी विचार केला नाही. सरळ मागे गेलो, दार लोटलं, आणि म्हटलं, साहेब, तुमची वरची कवळी उजवीकडे उचलतेय, हिरडीला फोड आला असणार, आणि जेवताना तुम्ही डावीकडेच चावता. त्यांनी फोन ठेवला. शिपायाला बाहेर काढलं. दार लावून घेतलं. म्हणाले, तुम्हाला कसं कळलं?
लॅब वीस मिनिटांवर. जाऊन हत्यारं आणि कवळीत थर भरायचं सामान घेऊन आलो. त्यांच्या बाथरूममध्ये बेसिनवर काम केलं. आतून मऊ थर दिला, टोचणारी कड घासली, पॉलिश मारलं. कवळी बसवून म्हटलं, म्हणा, चटकन चटई झटका. म्हणाले. एक टक् नाही. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. सहा महिने धड जेवलो नाही म्हणाले.
किती द्यायचे विचारलं. म्हटलं, कागदपत्रांची दोन पाकिटं, एक माझं आणि एक बाकावरच्या लाँड्रीवाल्यांचं. उरलेल्या सगळ्या सह्यांच्या जागी त्यांनी एकच ओढली. दीडला पाकीट माझ्या हातात.
चालत घरी आलो. आज मी स्वतःवर खूश आहे आणि ते लपवत नाही. कुणाला सांगणारही नाही. उद्या काम फत्ते करूनच.

२७ जून, सकाळी ११
दहा वाजता खिडकी चारसमोर. मुद्दाम एकटा गेलो. कन्येचं नाव सांगितलं, पाकीट आत सरकवलं, आणि कारकुनाकडे चष्म्यावरून बघितलं. (चष्मा घरी राहिला होता.)
त्याने कागद काढला. उजेडात धरला. अंगठ्याने कोपरा घासला. म्हणाला, ही कलर झेरॉक्स आहे.
म्हटलं, शक्य नाही, यावर तपासणी झालीय. म्हणाला, कुणी तपासली त्यांना चष्मा द्या. मग रजिस्टर उलटं करून माझ्याकडे फिरवलं. मूळ गुणपत्रिका जमा, २४ जून, सकाळी ११. पुढे कन्येची सही. साक्षीदार म्हणून सौ.ची. जागा तीन दिवसांपूर्वी पक्की झालीय.
मी खिडकीचा कठडा धरून उभा. कारकुनाने फॉर्मही दाखवला. ‘तांत्रिक’ खोडून कन्येच्या अक्षरात लिहिलं होतं: वडील, दंत तंत्रज्ञ, तीस वर्षे. बारावी पूर्ण नाही. तो म्हणाला, मुलगी हुशार आहे तुमची. हे लिहिताना तिने एकदाही मान खाली घातली नाही. मग म्हणाला, पाणी पिणार का? प्यायलो.

संध्याकाळ
सौ.ला विचारलं. म्हणाली, मूळ गुणपत्रिका पहिल्या दिवसापासून कपाटात आहे. तुम्ही ती फाइल घेऊन गावभर फिरत होतात, लॅबमध्ये प्लास्टर उडतं, म्हणून पोरीने त्यात झेरॉक्स ठेवली. तुम्हाला सांगितलं होतं. म्हटलं, कधी? म्हणाली, तुम्ही भाषण पाठ करत होतात तेव्हा. आणि जागा पक्की केल्याचं त्याच संध्याकाळी सांगितलं, तुम्ही ‘हं’ म्हणालात.
मी चार दिवस कुठे होतो हे तिला माहीत नव्हतं. कामाला गेलात असं वाटलं, म्हणाली. मग सगळं सांगितलं, संचालकांच्या बेसिनसकट. सौ. आधी हसली, मग हसायची थांबली. म्हणाली, चार दिवस एकट्याने? काही वेळ माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग परत हसली.
निष्कर्ष: अर्ज, जागा, गुणपत्रिका, सगळं सुरक्षित. कुटुंबात दूरदृष्टी आहे. ती कुणाकडून आली हे उघड आहे.

१४ जुलै
कन्येचा पहिला दिवस. लॅब दिवसभर बंद ठेवणार होतो. तिच्या विभागात जाऊन त्या बाईंना भेटायचं, ओळख करून द्यायची, मग वर्ग बघायचा असं ठरवलं होतं. इस्त्रीचा शर्ट. कन्येला यातलं काही सांगितलं नव्हतं, सोडायला येतो एवढंच म्हटलं.
गेटवर गार्डने ओळखपत्र मागितलं. तिने दाखवलं. माझ्याकडे बघितलं. म्हटलं, वडील. म्हणाला, पालकांनी इथपर्यंतच. कन्या म्हणाली, बाबा, तुम्ही जा आता, मला उशीर होतोय. आणि गेली. सरळ रस्ता आहे, लांबपर्यंत दिसतं. ती वळून बघेल म्हणून मी हात वर करून ठेवला होता. गार्डने विचारलं, कुणाला बोलावताय का? म्हटलं, नाही, खांदा आखडलाय.
दहाला लॅब उघडली.

संध्याकाळी ५.५०
आली. कसं होतं विचारलं. म्हणाली, बरं होतं.
मग स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगायला लागली. पाऊण तास झाला, थांबलेली नाही. दार लोटलेलं आहे, त्यामुळे अर्धंच ऐकू येतं, आणि त्यातलं अर्धं समजत नाही. मध्ये एकदा उठून दार थोडं उघडावं असं वाटलं. पण ते करकरतं. ती बोलायची थांबेल.